महामार्गावर सांडलेले हॅगफिश: एका बचावतंत्राचा प्रकरण अभ्यास

घटना

१३ जुलै २०१७, गुरुवार, दुपारची वेळ. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात पॅसिफिक किनाऱ्याला धरून जाणाऱ्या महामार्ग १०१ वर, डेपो बे या छोट्या बंदरगावाजवळ रस्त्याचे काम चालू होते आणि वाहतूक थांबवून धरलेली होती. मागून एक ट्रक आला. त्याच्यावर तेरा टाक्या होत्या आणि त्यांत मिळून सुमारे ७,५०० पौंड, म्हणजे जवळपास ३,४०० किलो जिवंत हॅगफिश होते; हे सापासारखे समुद्री जीव धोका जाणवला की अंगातून चिकटा सोडतात. पुढे गाड्या उभ्या दिसल्यावर चालकाने ट्रक आवरायचा प्रयत्न केला, पण मागचा माल काही आवरला नाही. एक टाकी उडून रस्त्याच्या पलीकडे गेली, बाकीच्याही निसटल्या आणि मासे रस्ताभर पसरले. पाच मोटारींचे नुकसान झाले. माणसांचे किरकोळ दुखापतींवर निभावले.

त्या दिवशीचे फोटो पुढे जगभर फिरले. चेपलेली मोटार, तिच्यावरून लोंबणारा पांढुरका चिकटा, खाली डांबरावर वळवळणारे राखाडी-तपकिरी, सापासारखे जीव. रस्ता मोकळा करायला अग्निशमन दलाने पाण्याचे जोरदार फवारे मारले आणि माशांचा ढीग बुलडोझरने ढकलावा लागला.

बातम्यांचा सूर बहुतेक ठिकाणी किळस आणि थट्टा यांच्यामधला होता. ज्यांच्या गाडीवर हे कोसळले त्यांना किळस वाटली तर त्यांचे काही चुकले नाही. पण ज्या जिवांबद्दल हे सगळे लिहिले जात होते, ते त्या क्षणी काय करत होते, हे फार थोड्यांनी सांगितले. ते स्वतःला वाचवत होते. कोट्यवधी वर्षे ज्याने त्यांना शार्कच्या तोंडातून सोडवले, तेच साधन त्यांनी महामार्गावर वापरले. फरक इतकाच की तिथे शार्क नव्हता आणि समुद्रही नव्हता.

या प्रकरणात माझे मन गुंतले ते याच कारणाने. एखादी यंत्रणा तिच्या जागेवरून उचलून भलत्याच ठिकाणी नेऊन ठेवली की तिचा कोणता भाग कशासाठी होता ते उघडे पडते. हा चिकटा नेमका कुणाविरुद्ध आहे, त्यात समुद्राचा वाटा किती आणि तो वापरणाऱ्याला केवढ्याला पडतो, हे या एका अपघाताच्या आधाराने चांगले समजून घेता येते.

प्राणी

हॅगफिशबद्दल थोडक्यात. याच्या ऐंशीच्या आसपास जाती आहेत. डोक्याची कवटी आहे, पण जबडा नाही आणि नीट घडलेला पाठीचा कणाही नाही. खवले नाहीत. डोळे इतके नाममात्र की अंधार-उजेड कळण्यापलीकडे त्यांचा फारसा उपयोग नाही. तोंडाशी मिशांसारखे स्पर्शक, वर एकच नाकपुडी, आणि आत केराटिनचे, म्हणजे आपल्या नखांत असते त्या प्रथिनाचे, दातेरी पट्टे. बहुतेक आयुष्य तळाच्या चिखलात जाते. मेलेला मासा किंवा देवमासा तळाशी आला की हे त्याच्यात शिरून आतून खातात. १७५८ मध्ये स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने सजीवांची वर्गवारी केली तेव्हा यांना माशांत न घालता कृमींत घातले. आज आपण त्यांना पृष्ठवंशीयांच्या अगदी जुन्या शाखेत मोजतो. ओरेगॉनच्या मासेमारीत सापडतो तो मुख्यतः पॅसिफिक हॅगफिश.

शरीराच्या दोन्ही बाजूंनी, डोक्यापासून शेपटीपर्यंत बारीक छिद्रांची रांग असते. मोजली तर शंभराच्या वर भरतात. प्रत्येक छिद्रामागे एक ग्रंथी, आणि ग्रंथीभोवती स्नायूंचे आवरण. हेच ते शस्त्रागार. आणि त्यात चिकटा भरून ठेवलेला नसतो, हे आधी नीट लक्षात घ्यायला हवे.

चिकटा कशाचा बनतो

ग्रंथीच्या आत दोन तऱ्हेच्या पेशी असतात. एकीत म्यूसिनचे सूक्ष्म कोश खच्चून भरलेले असतात. म्यूसिन म्हणजे आपल्याही नाका-घशात ओलावा आणि बुळबुळ ठेवणारे द्रव्य. दुसरी पेशी पाहण्यासारखी आहे. ती लंबगोल असते, साधारण ०.१५ मिलिमीटर लांब, म्हणजे नुसत्या डोळ्यांना जेमतेम ठिपका दिसेल एवढी. या ठिपक्यात एकच एक प्रथिनाचा तंतू असतो आणि तो उलगडला की दहा ते पंधरा सेंटिमीटर भरतो. जाडी एक ते तीन मायक्रोमीटर, म्हणजे माणसाच्या केसापेक्षा कितीतरी पट बारीक. सुताची लड जशी वेढ्यावर वेढा घालून बांधतात, की एक टोक ओढले तर गुंता न होता ती सुटत जावी, तसा हा तंतू पेशीत रचलेला असतो. मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत थक्क करते ती ही रचना. स्वतःच्या लांबीच्या जवळजवळ हजारपट लांब दोरा एका पेशीने स्वतःच घडवायचा, स्वतःच वळायचा, आणि वर्षानुवर्षे तो गाठ न पडता तयार ठेवायचा.

चावा बसला की त्या जागेजवळच्या ग्रंथी आकसतात. सगळ्या अंगाने नव्हे; जिथे दात लागले तेवढ्याच भागातून द्रव्य बाहेर उडते. अरुंद वाटेने बाहेर पडताना तंतूपेशींचे वेष्टन निघून जाते आणि नागडी लड पाण्यात येते. म्यूसिनचे कोश खाऱ्या पाण्यात फुगतात, ताणले जातात, त्यांचे धागे होतात आणि ते लडींना चिकटतात. मग हालत्या पाण्याची ओढ त्या धाग्यांमार्फत लडीपर्यंत पोचते आणि लड सुटते. असे हजारो तंतू एकाच वेळी सुटून एकमेकांत अडकले की त्यांच्या जाळ्यात पाणी कोंडून राहते. हे सगळे अर्ध्या सेकंदाच्या आत होते. बाहेर टाकलेल्या द्रव्याचे आकारमान त्यात सुमारे दहा हजार पटींनी वाढते.

आता आकडे पाहा. एक लिटर चिकट्यात तंतूंचे वजन साधारण २० मिलिग्रॅम असते आणि म्यूसिनचे १५ मिलिग्रॅम. उरलेले सगळे समुद्राचे पाणी. टक्केवारीत सांगायचे तर ९९.९९६ टक्के पाणी. या हिशोबाने एक ग्रॅम सुक्या ऐवजातून अठ्ठावीस लिटरच्या वर चिकटा उभा राहतो. म्हणजे हॅगफिश शत्रूच्या तोंडात चिकटा ओततो असे म्हणणे फारसे बरोबर नाही. तो फक्त एक विरळ जाळे फेकतो. तोंड भरते ते समुद्राच्या पाण्यानेच.

पाण्याच्या हालचालीचा वाटा किती मोठा आहे हे विस्कॉन्सिन आणि इलिनॉय विद्यापीठांतल्या संशोधकांनी २०१९ मध्ये गणिताने मांडले. लड नुसत्या पाण्यात पडून राहिली तर तिला आपसूक सुटायला मिनिटे लागतात. ओढ मिळाली, विशेषतः लडीचे एक टोक कुठेतरी अडकले आणि पाणी दुसऱ्या बाजूने खेचू लागले, तर तेच काम क्षणार्धात होते. हे टोक अडकायला शत्रूचे तोंड, दात, कल्ले अशा हव्या तेवढ्या जागा असतात. पाणी खेचण्याचे कामही शत्रूच करतो, कारण मोठे मासे भक्ष्य तोंडात ओढतात ते पाण्यासकट.

कुणाविरुद्ध

माशाच्या श्वासाची वाट एकेरी असते. पाणी तोंडातून आत येते आणि कल्ल्यांच्या बारीक पटलांमधून बाहेर जाते. ती पटले जितकी बारीक तितका प्राणवायू जास्त मिळतो, आणि तितकीच ती तुंबायला सोपी. हॅगफिशचा चिकटा बरोबर या जागेवर नेम धरतो. २००६ मध्ये प्रयोगशाळेत माशांच्या कल्ल्यांवर हा चिकटा घालून पाहिला, तेव्हा कल्ल्यांतून पाणी जायला होणारा अडथळा खूपच वाढला. चिकट्यात विष नाही, तो जाळत नाही, त्याला म्हणावी तशी चवही नसेल. तो फक्त वाट अडवतो. श्वास कोंडू लागला की शिकाऱ्याला तोंडातला घास सोडण्यावाचून गत्यंतर नसते.

प्रत्यक्ष समुद्रात हे कसे घडते ते २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या न्यूझीलंडजवळच्या चित्रणात पाहायला मिळते. खोल पाण्यात आमिष लावून कॅमेरे सोडले होते. आमिषावर हॅगफिश जमले आणि त्यांच्यावर सील शार्कसारखे शिकारी आले. शार्क हॅगफिशला चावतो. लगेच त्याच्या तोंडात आणि कल्ल्यांजवळ पांढरा ढग दिसतो. तो डोके झटकतो, तोंड आ वासतो, कल्ले फडफडवतो आणि निघून जातो. हॅगफिश तिथेच असतो आणि बऱ्याचदा लगेच पुन्हा आमिषाकडे वळतो. कुठे पळापळ नाही, घाई नाही. मी ते चित्रण अनेकदा पाहिले आहे आणि दर वेळी माझी नजर शार्कवरून हटून हॅगफिशवरच जाते. इतके शांत राहता येणे हा केवढा आत्मविश्वास, असे मनात येतेच. मग स्वतःला आठवण करून द्यावी लागते की हा आत्मविश्वास आपण त्याला देतो आहोत, त्याच्याकडे आहे ती फक्त चालणारी यंत्रणा.

या शस्त्राचा नेम कल्ल्यांवर आहे याचा उलट पुरावाही समुद्रातच मिळतो. सील, समुद्रसिंह यांसारखे सस्तन प्राणी हॅगफिश खातात. ते पाण्याखाली श्वास घेत नाहीत, त्यांना कल्ले नाहीत, म्हणून त्यांच्यापुढे ही युक्ती तोकडी पडते.

चिकट्याचा आणखी एक गुण २०१६ मध्ये झुरिकच्या संशोधकांनी मोजून दाखवला. माशाने भक्ष्य ओढताना पाणी जसे ताणले जाते, तसे ताणले की चिकटा घट्ट होतो. पण हॅगफिश अंग वळवून त्यातून सरकतो तेव्हा पाण्याचे थर एकमेकांवर घासतात, आणि अशा घासण्याने तोच चिकटा पातळ पडतो. एकच पदार्थ शत्रूला आवळतो आणि मालकाला वाट देतो. कुणी समुद्री जीव कल्पनेने रचायला बसला तर नेमकी ही गोष्ट सुटते. शस्त्र भयंकर करायचे सुचते, पण ते चालवणारा त्यातून स्वतः कसा वाचेल याचे उत्तर रचायचे राहून जाते.

आणि वाचणे सोपे नाही. स्वतःच्या चिकट्यात अडकून राहिला तर हॅगफिशही गुदमरतो. म्हणून तो शेपटीशी गाठ मारतो, अक्षरशः गाठ, आणि ती गाठ शेपटीकडून डोक्याकडे सरकवत नेतो. गाठीतून अंग ओढले गेले की चिकटा खरवडून निघतो. नाकपुडीत शिरलेला तो शिंकून बाहेर टाकतो. कणा नाही, जबडा नाही, खवले नाहीत, ही जी उणीव वाटत होती तीच इथे उपयोगी पडते, कारण कणखर कण्याच्या माशाला अशी गाठ बसणे अवघड.

चिकटा सुटेपर्यंतचा तो पहिला क्षण मात्र राहतोच. दात तर आधीच लागलेले असतात. त्यावर २०१७ मध्येच, म्हणजे अपघाताच्या वर्षी, एक अभ्यास प्रसिद्ध झाला. संशोधकांनी माको शार्कचे दात एका यंत्राला बसवून ते वरून हॅगफिशवर पाडले. कातडी स्वतः काही दाताला दाद न देणारी नव्हती; सहज भोसकली गेली. पण ती अंगाला फक्त पाठीवर आणि पोटावर जोडलेली आणि बाकी सैल असते. कातडीखाली रक्ताची मोठी पोकळी असते, ज्यात शरीरातले तीस टक्क्यांपर्यंत रक्त मावते. दात आत घुसतो तेव्हा आतले स्नायू आणि अवयव बाजूला सरकतात आणि दाताला मिळतो तो नुसता कातडीचा घोळ. ढगळ कातडी जीव वाचवते तेवढ्या वेळात चिकटा तयार होतो. दोन्ही मिळून एकच तंत्र आहे असे माझे मत आहे. वर्णनात बहुतेक वेळा चिकटाच सगळे श्रेय घेऊन जातो.

केवढ्याला पडतो

रिकामी झालेली ग्रंथी पुन्हा भरायला तीन ते चार आठवडे लागतात. एका चाव्यात सगळ्या ग्रंथी खर्च होत नाहीत, म्हणून समुद्रात हे परवडते. चिखलात राहायचे, महिनोन् महिने उपाशी राहू शकायचे, कधीतरी हल्ला झाला तर तेवढ्या भागातला साठा खर्चायचा, आणि तो सावकाश भरून येऊ द्यायचा, असे हे हळू चालणारे अर्थशास्त्र आहे. ज्याचे खाणेच बेभरवशाचे आहे अशा प्राण्याला प्रथिनांचा इतका काटकसरी वापर शोभतो. समुद्राकडून पाणी फुकट मिळते, मग स्वतःचे कशाला घालायचे?

ही व्यवस्था किती जुनी आहे याचा पुरावा लेबनॉनमध्ये सापडला. सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वीच्या खडकातला हॅगफिशचा जीवाश्म २०१९ मध्ये वर्णन करून प्रसिद्ध झाला. टेथिमिक्सिन असे त्याचे नाव. त्याच्या अंगाच्या बाजूने चिकट्याच्या तंतूंतल्या केराटिनसारख्या प्रथिनांचे रासायनिक अवशेष ओळखता आले. डायनोसॉर जमिनीवर असतानाच समुद्रात हे तंत्र चालू होते. ते मुळात आले कुठून, याबद्दल २०२३ मध्ये एक पटणारे उत्तर पुढे आले. हॅगफिशच्या कातडीतही तंतू असलेल्या पेशी आहेत. कातडी जखमी झाली की त्या पेशींतले तंतू बाहेर येतात आणि जाडसर चिकट थर तयार होतो. ग्रंथींतले लांबलचक तंतू हे या कातडीतल्या तंतूंचेच पुढचे रूप असावे. जखमेवरचा साधा थर हळूहळू शिकाऱ्याचा श्वास कोंडणारे शस्त्र बनला, असे हे सांगणे आहे.

पुन्हा रस्त्यावर

आता १३ जुलैच्या रस्त्याकडे परत येऊ. पुढचे काही भाग माझे अनुमान आहे, पण ते वरच्या माहितीवर उभे आहे.

पहिली गोष्ट, ग्रंथी सुटायला शार्कच हवा असे नाही. पकड, दाब, आपटणे, भीती, काहीही पुरते. प्रयोगशाळेत हॅगफिशला नुसते हातात धरले तरी चिकटा येतो. टाकी उडाली तेव्हा आतल्या प्रत्येक जिवाला एकाच वेळी चहूकडून धक्का बसला. समुद्रात चावा एका जागी बसतो आणि तेवढ्याच ग्रंथी खर्च होतात. इथे सगळे अंगच दाबले गेले, आपटले, शेजाऱ्यांच्या अंगाखाली चिरडले. साठवलेले जवळपास सगळे एकदम बाहेर आले असणार.

दुसरी गोष्ट पाण्याची. जिवंत हॅगफिश पाण्याशिवाय दूरवर नेता येत नाहीत, त्यामुळे टाक्यांसोबत पाणीही सांडले. चिकट्याला लागणारा कच्चा माल त्यांच्याबरोबरच होता. आणि लड सोडवायला जी ओढ लागते ती उलटणाऱ्या टाकीतून उसळलेल्या पाण्याने भरपूर दिली. म्हणून फोटोत मोटारीवर दिसतो तो चिकटा ठिबकलेला नाही, चादरीसारखा सलग पसरलेला आहे. तंतूंची लांबी लक्षात घेतली तर हे अपेक्षितच. एक टोक आरशाला अडकले, दुसरे बंपरला, मध्ये पाणी लोंबते आहे.

मग उरतो नेम. रस्त्यावर कल्ले कुणालाच नव्हते, हॅगफिश सोडले तर. माणसांचा श्वास कोंडला नाही, मोटारींना काही कळत नव्हते. ज्या शस्त्राने शार्क मागे हटतो त्याने इथे एकच नुकसान केले: ते चालवणाऱ्यांचेच. चिकट्यातून सुटायचे तर गाठ मारून सरकायला मोकळे पाणी हवे, चिकटा वाहून न्यायला प्रवाह हवा. डांबरावर यातले काहीच नव्हते. हजारो जीव एकमेकांच्या चिकट्यात अडकले आणि त्यांना तो उतरवायला जागा मिळाली नाही. बातम्यांत ज्याला घाण म्हटले गेले ते मला असे दिसते, आणि थट्टेचा राग येतो तोही त्यामुळेच.

सफाईच्या पद्धतीबद्दल एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. चिकटा पाण्याने बनलेला आहे, मग तो पाण्याने धुऊन कसा निघेल, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. उत्तर पाण्याच्या जोरात आहे. हा चिकटा फार टिकाऊ नसतो. बादलीत तयार झालेला चिकटा हाताने घुसळत राहिले तर जाळे कोसळते, कोंडलेले पाणी सुटते आणि हाती उरतो तो तंतूंचा छोटासा गोळा. अग्निशमन दलाच्या जोरदार फवाऱ्याने हेच घडते असा माझा कयास आहे. हळुवार पाणी ओतले असते तर काम वाढले असते. बुलडोझर लागला तो मुख्यतः माशांसाठी. साडेतीन टनांच्या आसपासचा ढीग फवाऱ्याने हलत नाही.

ते ट्रकवर का होते

हे मासे दक्षिण कोरियाकडे निघाले होते. तिथे हॅगफिश भाजून खातात, आणि त्याच्या कातडीची पाकिटे-पट्टे ‘ईल’च्या कातडीच्या नावाने जगभर विकले जातात. कोरिया आणि जपानच्या आसपासचे हॅगफिश उपसून कमी झाल्यावर १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात ही मागणी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडे वळली. पकडायची रीत साधी आहे. भोके पाडलेली पिंपे किंवा बादल्या आमिष घालून तळाला सोडायच्या. हॅगफिश वासाने आत शिरतात. जो प्राणी शार्कच्या तोंडातून सुटतो तो पिंपात मुकाट्याने सापडतो, कारण पिंप त्याला चावत नाही.

हॅगफिश एका वेळी मोजकीच मोठी अंडी घालतो. त्याच्या प्रजननाबद्दल आजही फार थोडे ठाऊक आहे. अशा प्राण्याची मासेमारी किती झेपेल हे ठरवताना हात आखडता ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

या तंतूंना स्वतंत्र किंमत आहे, हेही इथे नोंदवायला हवे. ताकदीत त्यांची तुलना कोळ्याच्या रेशमाशी केली जाते. अपघाताच्या काही महिने आधी, जानेवारी २०१७ मध्ये, फ्लॉरिडातल्या पनामा सिटी इथल्या अमेरिकी नौदलाच्या संशोधकांनी ई. कोलाय जिवाणूंकडून तंतूंची प्रथिने तयार करवून घेतल्याचे जाहीर केले. हॅगफिश पाळून त्याचा चिकटा काढणे परवडणारे नाही, चार आठवड्यांचा हिशोब तिथेही आड येतो, म्हणून हा मार्ग.

वाहतुकीच्या बाबतीत या प्रकरणातून निघणाऱ्या गोष्टी कोरड्या पण उपयोगाच्या आहेत. टाकीत दाटी जितकी जास्त तितका एकमेकांना लागणारा धक्का जास्त, आणि चिकटाही. आतले पाणी जितके उसळेल तितक्या लडी सुटतील, म्हणून अर्धवट भरलेली टाकी काठोकाठ भरलेल्या टाकीपेक्षा वाईट. पाणी थंड ठेवले की प्राणी शांत राहतो. वाटेत चिकटा झालाच तर तो काढून ताजे खारे पाणी घालण्याची सोय हवी, नाहीतर आतले मासे आपल्याच चिकट्यात गुदमरतात आणि ठिकाणावर पोचतो तो मेलेला माल. आणि टाक्या ट्रकला अशा जखडायला हव्यात की ब्रेक लागल्यावर ट्रक टाक्यांसकट थांबेल.